आड येणारा हात

“...मग आप्पा तिला ओळखत का नाहीत?”

धैर्यशीलनं चित्र भिंतीला टेकवलं होतं आणि स्वतः उभाच होता.

हुसेन वस्ताद बाजेवर बसून विडी शोधत होते. विडी त्यांच्या कानावर होती.

“कोण कुणाला वळखत न्हाई?” वस्ताद म्हणाले. “आणि तू कोण? सिलिंडर आणलास काय?”

“मी धैर्यशील, वस्ताद. चौगुल्यांचा.”

“असं व्हय. पाय जड पडत हुते. मला वाटलं सिलिंडरवाला.”

वस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. ऑपरेशन करा म्हटलं की ते म्हणतात, बघायचं ते बघून झालंय. त्यांना रंग दिसतो, आकार दिसतो. पुढचं अंदाजानं.

वस्ताद म्हणजे जुने पडदेवाले. गडहिंग्लजपासून निपाणीपर्यंत जेवढे फोटो स्टुडिओ होते, त्यांच्यात माणसाच्या मागं जो पडदा लागायचा, बागेचा, कारंज्याचा, जिन्याचा, तो त्यांच्या हातचा. मी ते पडदे गुंडाळायचो आणि एसटीच्या टपावर चढवायचो. आता तसले पडदे कुणाला लागत नाहीत. डोंगराच्या पायथ्याला पीरसाहेबांचा दर्गा आहे, त्याच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं राहतो. झाडलोट करतो, दिवा लावतो.

धैर्यशील लहानपणी वस्तादांकडे रंग कालवायला शिकला. पुढं पुण्याला गेला. परत येऊन त्यानं चौकात लॅब काढली. माणसाचा फोटो घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर त्याचं चित्र करून द्यायचं, असं ते काम. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी तैलरंगात रंगवलंय. ब्रशचे फटकारे दिसतात, कापडाचा दाणा दिसतो. बेळगावपासून माणसं येतात त्याच्याकडं.

लॅब काढली तेव्हा पेढे घेऊन आला होता. म्हणाला होता, “वस्ताद, आता पडद्याचं काम संपलं. मागचं सगळं मी बसल्या जागी बदलतो.”

वस्ताद म्हणाले होते, “बरं झालं. लई जड व्हायचे. गणपाची कंबर वाचली.”

गणपा म्हणजे मी.

त्यानंतर तो आज येत होता. आज पेढे नव्हते.

“बस,” वस्ताद म्हणाले. “सांग आता. कोण कुणाला वळखत न्हाई?”

तो बसला.

“आई गेली त्याला रविवारी वर्ष होतंय. आमच्यात वर्ष झाल्याशिवाय गेलेल्याचा फोटो भिंतीला लागत नाही. खिळा मारून ठेवलाय. मी तिचं चित्र केलं. आजवर कुणाचं केलं नाही इतकं मन लावून केलं. घरी नेलं, आप्पांच्या पुढ्यात ठेवलं.”

“मग?”

“आप्पांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, चांगलं झालंय. कुणाचं हाय?”

मी म्हणालो, “चेष्टा केली असंल.”

“आप्पा चेष्टा करत नाहीत, गणपाकाका. जन्मात केली नाही.”

हे खरं आहे. त्याच्या वडलांना मी ओळखतो.

“नजर कमी झाली असंल त्यांची,” वस्ताद म्हणाले.

“लांब बांधावर उभं असलेलं जनावर कुणाचं, ते सांगतात.”

“बाकीचे काय म्हणत्यात?”

“हुबेहूब म्हणतात. मावशी तर चित्राला धरून रडली.”

“मग मावशीला दे.”

धैर्यशील हसला नाही. म्हणाला, “आप्पा म्हणतात, ही बाई त्या खिळ्याला लागणार असंल तर मी रविवारी सोप्यात बसतो, तिच्याकडं पाठ करून. तुमचं तुम्ही उरका.” थोडं थांबला. “आईच्या वर्षश्राद्धाला आप्पाच पाठ फिरवून बसले, तर मी ते चित्र कुणासाठी केलं, वस्ताद?”

वस्ताद उठले. चाचपत भिंतीपाशी गेले. चित्राला नाक लावलं. मग बोटांची टोकं वरून फिरवली. कपाळावरून, गालावरून, खालच्या फुलांवरून.

“फटकारे हायत म्हणालास.”

“आहेत ना. जवळून बघा.”

“हाताला लागत न्हाईत.”

“प्रिंट आहे. दिसतात फक्त.”

“हां.” ते मागं सरले. लांबून पाहिलं. डोकं एका बाजूला कलतं केलं, मग दुसऱ्या. “मला तर सगळं जग असंच दिसतंय, लेका. गणपाबी असाच दिसतोय. तुला मुद्दाम करावं लागतंय व्हय?”

मला हसू आलं. धैर्यशीललाही थोडं आलं.

“कसं केलंस सांग की,” वस्ताद म्हणाले. “मला काय त्यातलं ठाव न्हाई. पयल्यापासनं सांग.”

तो सांगायला लागला आणि त्याचा आवाज भरीव झाला. पहिल्यांदा फोटो स्वच्छ करायचा. मग फिल्टर लावायचा. पण नुसता फिल्टर लावला की सगळीकडं सारखेच फटकारे येतात, डोळ्यावर तेवढेच आणि भिंतीवर तेवढेच, आणि चित्र मेणाचं दिसतं. कच्ची माणसं तिथं थांबतात. तो थांबत नाही. लेयरवर लेयर चढवतो, म्हणजे एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखे. हातात पेन घेतो, खाली पाटी असते, पेन दाबलं तसा ब्रश दाबला जातो. गाल गोल आहे तर फटकारा गोल फिरवतो. केस जातात तिकडं केसांबरोबर जातो. लांबच्या गोष्टीला मोठा ब्रश, डोळ्याजवळ बारीक. शेवटी वरून जरा पिवळट झाक, जुन्या चित्राला येते तशी.

वस्ताद मन लावून ऐकत होते. मधे मधे “वा” म्हणत होते. ते खरंच वा म्हणत होते.

“चांगलं काम हाय,” ते म्हणाले. “मला एवढं जमलं नसतं.”

“मग चुकलं कुठं?”

“मला काय ठाव?” वस्ताद परत बाजेवर बसले. “बाई काय करतीया ह्यात?”

“बसलीय.”

“कुठं?”

“बागेत. मागं बाग घेतलीय मी.”

“तुझी आय बागेत बसायची?”

“नाही हो. मूळ फोटो गोठ्यातला आहे. ते बरं दिसलं नसतं भिंतीवर.”

“मूळचा हाय तुझ्याजवळ?”

त्यानं मोबाईल काढला, बोटानं सरकवत सरकवत फोटो आणला आणि वस्तादांच्या पुढं धरला. वस्तादांनी मोबाईल माझ्याकडं सरकवला.

“गणपा, तू सांग.”

मी बघितलं. बघून सांगितलं. गोठ्यात एक बाई उकिडवी बसलीय. पुढ्यात शेणाचा गोळा, बाजूला थापलेल्या शेण्या. तिनं उजवा हात वर केलाय, तळवा आपल्याकडं. तळव्याला शेण. बोटांच्या फटीतनं अर्धा गाल दिसतोय आणि एक डोळा. तोही मिटलेला. तोंड उघडं.

“तोंड का उघडं?”

“काहीतरी बोलतेय.”

“काय बोलतीया?”

मी धैर्यशीलकडं बघितलं.

“नको म्हणतेय,” तो म्हणाला. “फोटो काढू नको म्हणतेय. ती कायम तसंच करायची. सगळ्या लग्नांचे अल्बम शोधले मी. सगळीकडं पाठ नाहीतर पदर. हा एकच, त्यातल्या त्यात.”

“आधारकार्डावर असंल की,” वस्ताद म्हणाले.

“आधारकार्डावर कोण कुणाची आई वाटतं का?” धैर्यशील म्हणाला. “पण अर्धा गाल तिथनंच घेतला. डोळेही तिथलेच. नीट बसवले. जोड कुठाय ते मलाही आता सापडत नाही.”

“आणि हात?”

“काढला.”

“का?”

“आड येत होता.”

वस्तादांनी कानावरची विडी काढली. हातात धरली, पेटवली नाही.

“कुणाच्या आड?” त्यांनी विचारलं.

धैर्यशीलनं भिंतीशी टेकवलेल्या चित्राकडं बघितलं.

“चेहऱ्याच्या,” तो म्हणाला.

“असं व्हय,” वस्ताद म्हणाले.

बाहेर कबुतरं घुमत होती.

मग वस्ताद म्हणाले, “गणपा, हंसाचा पडदा काढ.”

माळ्यावर पडद्याच्या गुंडाळ्या आहेत. उंदरांनी किती खाल्ल्यात मला ठाऊक नाही. हंसाचा पडदा सापडला. धैर्यशीलनं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि दाराबाहेर उजेडात आम्ही तो उलगडून आंब्याच्या फांदीला अडकवला.

तळं होतं, पायऱ्या होत्या, कुंड्या होत्या, लांब एक बंगला होता. सगळं धुकटलेलं, पावसाळी काचेतनं बघावं तसं. वस्तादांचे पडदे तसेच असायचे.

“हे हंस आहेत?” धैर्यशील म्हणाला. “मला लहानपणापासून बदकं वाटायची.”

“सगळ्यास्नीच वाटायची,” वस्ताद म्हणाले. “मधी काय हाय?”

मधे काही नव्हतं. पायऱ्यांच्या पुढं, माणूस उभा राहील तेवढ्या जागेत, नुसतं अस्तर मारलेलं कापड होतं. रंगच नव्हता.

“हे राहिलंय का?” धैर्यशीलनं विचारलं. “अर्धवट?”

“पुरं झालेलं हाय. त्याचे पैसे मिळालेत मला. मधी उभा ऱ्हा.”

तो जाऊन उभा राहिला.

“आता बाजूला हो.”

तो बाजूला झाला.

“काय दिसतंय?”

“मोकळी जागा.”

“कुणाची?”

“ज्याचा फोटो काढायचा असेल, त्याची.”

“तो कोण, मला ठाव असायचं का?”

“नाही. कसं असेल?”

“मग मी तिथं काय रंगवू?”

धैर्यशील त्या कोऱ्या कापडाकडं बघत राहिला. कपाळाला आठ्या पडल्या. मग एकदम वळून म्हणाला, “पण मला ठाऊक आहे ना, वस्ताद. ती माझी आई होती. तुमचं गिऱ्हाईक नव्हतं.”

वस्ताद काहीतरी म्हणतील म्हणून मी थांबलो.

“गणपा,” ते म्हणाले, “गुंडाळ. ऊन लागतंय त्याला.”

धैर्यशील चित्र उचलून गेला. जाताना त्यानं मला हळूच विचारलं, “काय सांगितलं त्यांनी?”

मी म्हणालो, “मला कळलं असतं तर सांगितलं नसतं का?”

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी दर्ग्यात माणसं येतात, ऊद जाळतात, साखर ठेवतात. हिंदू येतात, मुसलमान येतात. सकाळची गर्दी ओसरली आणि धैर्यशील आला. लॅपटॉप आणला होता, ती पाटी आणि पेनही. डोळे सुजलेले. झोपला नसावा.

“केला,” तो म्हणाला. “हात परत घेतला, चेहरा दिसावा म्हणून जरा कडेला. गोठा परत घेतला. बाग काढून टाकली.”

त्यानं पाटावर लॅपटॉप उघडला.

“गणपा, सांग,” वस्ताद म्हणाले.

मी वाकून बघितलं. हात फार सुरेख उतरला होता. बोटांच्या पेरावरच्या भेगा, तळव्याच्या रेषांत गेलेलं शेण, मनगटावरची एक बांगडी पिचलेली, तीही. एकेका भेगेला एकेक बारीक फटकारा. वास येईल असं वाटत होतं.

“हात खरा आहे,” मी म्हणालो. “अगदी खरा.”

“आणि?”

मला सांगवेना. पण वस्ताद थांबून राहिले, म्हणून सांगितलं.

“हाताच्या मागं कालचीच बाई आहे.”

धैर्यशीलनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रात्रभर जे त्याला दिसत होतं तेच दुसऱ्यानं बोलून दाखवल्यासारखं.

“पण तुम्हीच सांगितलंत ना, वस्ताद, हात ठेव म्हणून?”

“मी कवा सांगितलं?”

“काल. कुणाच्या आड, म्हणालात.”

“ते इचारलं. मला खरंच कळालं न्हवतं.”

“आणि पडदा? मधली जागा?”

“तू म्हणालास, मला पडदे आता लागत न्हाईत. म्हटलं एकदा बघून घे.” वस्तादांचा चेहरा अगदी सरळ होता. ते चेष्टा करत होते की नाही, ते मला इतक्या वर्षांनंतरही ओळखू येत नाही.

धैर्यशील पेन बोटांत फिरवत राहिला. मग हळू आवाजात, वस्तादांना नाही आणि मलाही नाही, असा बोलला.

“एक सांगू का... मला आता तीच आठवते.”

“कोण?”

“ही. मी केलेली. काल घरी गेलो, डोळे मिटले आणि आई आठवायला लागलो. तर ही आली. पिवळट झाक घेऊन आली. अर्धा गाल आधारकार्डाचा. मी इतका वेळ हिच्याकडं बघितलंय की... ती कुठं गेली ते मला सापडत नाही. आप्पांना तरी ती सापडते. म्हणून ते ओळखत नाहीत हिला. मी मात्र ओळखतो.”

वस्तादांनी विडी खाली ठेवली.

“मग पूस,” ते म्हणाले.

“काय?”

“तोंड. हिचं तोंड पूस.”

“पुसलं तर राहतं काय?”

“मला काय ठाव. ब्रश केवढा हाय तुझा?”

“एवढा.” त्यानं दोन बोटांत दाखवला. अगदी बारीक.

“मोठा कर.”

त्यानं केला.

“आणखी.”

“वस्ताद, एवढ्या ब्रशनं भिंत रंगवतात. चेहरा नाही.”

“आणखी. तळव्यायेवढा.”

धैर्यशीलनं केला. पेन पाटीवर टेकवलं. मी बघत होतो. त्यानं एकदा ओढलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर बाईचा गाल जाऊन मागच्या अंधारात मिसळला. लगेच टक असा आवाज झाला आणि गाल परत जागेवर आला.

परत ओढलं. डोळा गेला. टक. डोळा आला.

ओढलं. टक. ओढलं. टक.

“हे टकटक काय चाललंय?” वस्तादांनी विचारलं.

“मागं घेतोय.”

“म्हंजे?”

“आमच्यात असतं तसं. चुकलं की बटण दाबायचं. केलेलं जातं, आधीचं परत येतं. कितीही मागं जाता येतं.”

“लई झ्याक,” वस्ताद म्हणाले. आणि तेही त्यांनी मनापासूनच म्हटलं. “कुठल्या हातानं दाबतोस?”

“डाव्या.”

“हिकडं दे तो.”

धैर्यशीलला कळलं नाही. त्यानं डावा हात पुढं केला. वस्तादांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, मांडीवर ठेवला आणि धरून ठेवला. घट्ट नाही. आजाऱ्याचा धरतात तसा.

“आता काढ.”

“वस्ताद...”

“काढ की. मी कुठं अडवलंय?”

कितीतरी वेळ पेन हललं नाही. लॅपटॉपचा पडदा मंद झाला, त्यानं पेन टेकवून परत उजळवला.

मग त्यानं ओढलं. आधारकार्डाचा गाल गेला. टक झालं नाही. डोळे गेले, तोंड गेलं. टक झालं नाही. धैर्यशीलचा डावा हात वस्तादांच्या हातात एकदा हिसकला, मग सैल पडला.

आता पडद्यावर चेहरा नव्हता. हाताच्या मागं नुसता तपकिरी धूर होता. हातही बाजूनं थोडा विरला, मोठ्या ब्रशच्या तडाख्यात त्या सुरेख भेगा गेल्या. मला वाईट वाटलं.

“काय करत हुती ती?” वस्तादांनी विचारलं. “नगं म्हणताना?”

“हात वर करायची.”

“ते झालं. आणि?”

“मान...” धैर्यशील थांबला. “मान अशी काढून घ्यायची. खांद्यात. आणि हसायची. नको नको म्हणत हसायची, म्हणून तर आम्ही मागं लागायचो.”

असं म्हणताना त्यानं स्वतःची मान खांद्यात घेतली होती. त्याला ते कळलं नसावं. पेन पाटीवरच होतं आणि चाललं होतं. एक फटकारा वरून खाली आला आणि वळला. एक आडवा गेला. तो पदर होता की खांदा, मला सांगता यायचं नाही. नाक नव्हतं, डोळे नव्हते. त्याचे डोळे तरी पडद्यावर होते का, तेही मी सांगू शकत नाही.

वस्तादांनी हात सोडला नव्हता.

दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. उदाचा वास आला आधी. मी वळून बघितलं तर आप्पा चौगुले. दर गुरुवारी येतात ते. दर्ग्यात जाऊन, मग इथं येऊन वस्तादांना साखर देऊन जातात. हातात साखरेची पुडी होती. आपला मुलगा इथं असेल हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मुलाचा हात वस्तादांच्या हातात बघून ते दारातच थांबले.

मग त्यांची नजर पाटावर गेली.

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. उंबऱ्यापासून पाट चांगला लांब आहे.

“नगं म्हणत हुती न्हवं ती तुला?” आप्पा म्हणाले.

धैर्यशीलचं पेन थांबलं. त्यानं मागं बघितलं नाही.

“हात शेणाचा हाय, म्हणत हुती. न्हाऊन तरी येऊ दे, म्हणत हुती. मी ऐकलंय की परड्यातनं. तरी काढलासच.”

“आप्पा,” धैर्यशील पडद्याकडं बघतच म्हणाला, “कोण आहे ही?”

“डोकं फिरलंय काय तुझं?” आप्पा म्हणाले. “आय हाय तुझी.”

आणि ते उंबऱ्यावर बसले. साखरेची पुडी त्यांनी शेजारी ठेवली. काही वेळ पाटाकडं बघितलं, काही वेळ बाहेर. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि उठले.

“म्हशीला पाणी दावायचंय,” ते म्हणाले, आणि गेले. पुडी तिथंच राहिली.

धैर्यशीलला काय झालंय ते त्यालाच उमगत नव्हतं. मध्येच हसल्यासारखं करायचा, मध्येच ओठ दाबायचा. चेहरा असलेलं चित्र आप्पांना परकं होतं, आणि आता चेहरा नाही तर ते तिच्या वतीनं त्याला रागावून गेले. हे त्यानं मला दोनदा बोलून दाखवलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार.

मग तो वस्तादांकडं वळला.

“रविवारी हेच लावू ना, वस्ताद?” तो म्हणाला. “आता आप्पा पाठ करणार नाहीत. मोठी प्रिंट काढतो. खिळ्याला लावू ना?”

वस्तादांनी त्याचा डावा हात सोडला. सोडून त्याच्याच मांडीवर ठेवला.

“तू वळखलंस न्हवं तिला?”

“हो.”

“मग मला काय इचारतोस,” वस्ताद म्हणाले. “तिला इचार.”